कप्तानांचं ऐकणारी माणसं

सकाळी चहाचं आधण ठेवायचं आणि रेडिओ लावायचा, ही त्या बंदरगावाची जुनी सवय. गावच्या लहानशा केंद्रावर 'बोला बिनधास्त' नावाचा कार्यक्रम लागायचा. लोक फोन करायचे, मनातलं बोलायचे, आणि कार्यक्रम चालवणारी बाई त्यांना बोलतं ठेवायची. तिला सगळं गाव 'ताई' म्हणायचं. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा ताईच म्हणायची, आणि तिलाही आता स्वतःचं पाळण्यातलं नाव परकं वाटायला लागलं होतं.

कार्यक्रमाला खरी रंगत यायची ती कप्तानांचा फोन आला की. बंदरातला गाळ उपसणाऱ्या बोटीवर या माणसाने उभा जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर वेळ हाताशी, आवाज ढगासारखा आणि जिभेला धार. हवामानबदल हा त्यांचा आवडता विषय.

"ताई, पृथ्वी काय आजच तापायला लागली? माझ्या लहानपणी समुद्राच्या बांधावरून पाणी यायचं आणि मासे थेट स्वयंपाकघरात. तेव्हा कुणी परिषदा भरवल्या नव्हत्या. आईने मासे तळले, विषय संपला."

ताई हसायची. खिडकीच्या काचेपलीकडे बसलेला तंत्रज्ञ हसायचा. गावभर घराघरांत लोक हसायचे.

मग साहेबांच्या, म्हणजे केंद्रप्रमुखांच्या, डोक्यात कल्पना आली. वेधशाळेत नव्याने आलेल्या मॅडमना आठवड्यातून एकदा बोलवायचं आणि कप्तानांशी त्यांची जुगलबंदी लावायची. मॅडम तिशीतल्या, अभ्यासू आणि अतिशय सरळ. विचारलं तेवढंच सांगायच्या, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायच्या. रेडिओवर याच्यासारखी पंचाईत नाही.

"वादळ किनाऱ्याला लागण्याची शक्यता साठ टक्के आहे," असं एकदा त्या म्हणाल्या.

"म्हणजे चाळीस टक्के तुमचा तुमच्यावरच विश्वास नाही!" कप्तान म्हणाले, आणि ताईला हसू आवरेना.

ते वादळ भलतीकडेच वळलं. त्याच्या पुढचंही वळलं. दोन्ही वेळा बांधाखालच्या वस्तीतल्या लोकांनी टेकडीवरच्या शाळेत दिवस काढला आणि संध्याकाळी कोरडे ठणठणीत घरी आले. मग काय, कप्तानांना कुरणच मिळालं. शाळेच्या बाकांवर बसून कोणाच्या कुठल्या अवयवाला काय झालं, याचं त्यांनी असं वर्णन केलं की तो भाग लोकांच्या आग्रहावरून पुन्हा लावावा लागला.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मॅडम जिन्यात थांबल्या होत्या.

"ताई, तुम्ही आम्हा दोघांना समोरासमोर बसवता ना, त्यामुळे लोकांना वाटतं, निम्मं खरं त्यांचं आणि निम्मं माझं."

"दोन्ही बाजू मांडाव्या लागतात हो."

"बाजू मांडायला ही काय वाटणी आहे का?" मॅडम म्हणाल्या, आणि छत्री उघडून निघून गेल्या.

ताईला ते लागलं. नाही असं नाही. पण त्या आठवड्यात कार्यक्रम ऐकणाऱ्यांची संख्या आजवरची सगळ्यात जास्त निघाली, साहेबांनी सगळ्यांना पेढ्यांऐवजी केक खिलवला, आणि ते बोलणं तसंच मागे पडलं.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी ताई केंद्रावर पोचली तर मॅडम तिच्याआधीच येऊन बसलेल्या. केसांतून पाणी निथळतंय, डोळे जागरणाने लाल.

"आज टक्के नकोत," त्या म्हणाल्या. "वारा रात्रीपासून समुद्र आत रेटतोय. संध्याकाळची भरती त्याच्यावर चढली तर बांध पुरणार नाही. वस्ती दुपारच्या आत रिकामी व्हायला हवी. एवढंच वाचा, पुन्हा पुन्हा वाचा."

ताईने वाचलं. दर गाण्यानंतर वाचलं, मग गाणी बंद करून वाचलं. नगरपालिकेची गाडी भोंगा लावून गल्लीगल्लीतून फिरली. कोपऱ्यावर बसगाड्या येऊन उभ्या राहिल्या. आणि बातम्या गोळा करणारा पोरगेला वार्ताहर फोनवर सांगू लागला, की ताई, गाड्या रिकाम्याच आहेत. लोक खिडकीत उभे राहून बघतायत. एक आजोबा तर ड्रायव्हरला म्हणाले, चहा पिऊन जा, नाहीतरी तुला कोणी गिऱ्हाईक मिळणार नाही.

ताईची आई त्याच वस्तीत राहायची. बैठं घर, पुढे मोगऱ्याच्या कुंड्या. ताईने बातमीपत्र लावून घेतलं आणि आईला फोन केला.

"आई, पिशवी भर आणि कोपऱ्यावरच्या गाडीत बस. आत्ताच्या आत्ता."

"मागच्या वेळी त्या बाकड्यावर बसून माझी कंबर धरली ती आठवडाभर सुटली नाही. मी नाही येत."

"या वेळी तसं नाहीये गं."

"दर वेळी तुम्ही असंच म्हणता. कप्तान बरोबर बोलतात. घाबरवल्याशिवाय यांचा पगार निघत नाही."

"आई, कप्तान काय वेधशाळेत आहेत का? त्यांना काय कळतं त्यातलं?"

आई अगदी साधेपणाने म्हणाली, "मग त्यांना रेडिओवर आणतेस कशाला? उगीच काहीतरी ठोकून देणाऱ्या माणसाला माझी मुलगी एवढी वर्षं बोलू देईल होय? तुझ्यावर भरवसा म्हणून तर आम्ही त्यांचं ऐकतो."

आईने "बरं, ठेवते, दूध उतू जाईल" म्हणून फोन ठेवला तरी ताई रिसीव्हर हातात धरून उभी होती. काचेपलीकडून तंत्रज्ञाने खूण केली, की बातम्या संपत आल्या. तिने त्याला बोटानेच थांबवलं, एखादं गाणं लाव म्हणून सांगितलं, आणि कप्तानांचा नंबर फिरवला.

"अरे वा! आज उलटी गंगा. तुमचाच फोन?"

"कप्तान, वस्तीतलं कोणी हलत नाहीये. तुम्ही सांगा त्यांना."

"मी? म्हणजे मॅडम खऱ्या आणि मी थापाड्या, असं मी माझ्याच तोंडाने म्हणू?"

"असलं काही म्हणू नका. फक्त घर सोडा म्हणा."

"ताई, वादळ येत नाही असं मी कधी म्हटलं? वादळं येतात, जातात. त्याचं जे भांडवल करतात ना, त्याला माझा विरोध आहे."

ताईला कळून चुकलं, की वादात या माणसापुढे आपला टिकाव लागायचा नाही. तो वाद घालायला त्यांना तिनेच तर शिकवलं होतं. कप्तान बंदरालगतच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. तिला ते आठवलं.

"कप्तान, तुम्ही खिडकीत जा. पाणी बघा आणि मला सांगा. दुसरं काही नको."

कुरकुर झाली, चप्पल ओढल्याचा आवाज आला, खिडकीची कडी उघडली तसा फोनमध्ये वारा घुसला. बराच वेळ नुसता वाराच ऐकू येत राहिला.

"कप्तान?"

"आत्ता ओहोटी आहे," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "असायला हवी. धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडायला हव्या होत्या. एकही दिसत नाही. पाणी उतरलेलंच नाहीये, ताई."

मॅडम ताईच्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या. फोनजवळ तोंड नेऊन त्या हलकेच म्हणाल्या, "पहाटेपासून मी हेच सांगतेय, कप्तान."

"मॅडम आहेत का तिथे?"

"आहे."

मग घसा खाकरल्याचा आवाज. "घ्या मला लाइनीवर."

त्या दिवशी कप्तान जे बोलले ते ताईला पुढे शब्दशः आठवत राहिलं.

"नमस्कार मंडळी, कप्तान बोलतोय. मॅडमचं आणि माझं भांडण तुम्हाला ठाऊक आहे. ते भांडण राहील, आपण सवडीने भांडू. आज मी माझ्या खिडकीतून बघतोय, ओहोटीच्या वेळेला पाणी उतरत नाहीये. उभ्या आयुष्यात मी असं पाहिलं नाही. संध्याकाळी भरती आली की हे पाणी बांधावरून तुमच्या घरात येणार. तेव्हा उठा. गॅस बंद करा, औषधं बरोबर घ्या, म्हाताऱ्या माणसांना आधी गाडीत बसवा. शाळेच्या बाकांची मी फार टिंगल केली. आज मी स्वतः त्या बाकावर येऊन बसतोय. या, भेटू तिथे."

फोनचे दिवे एकामागून एक लागू लागले. खरंच का, पोपटाचा पिंजरा गाडीत घेतील का, टाकी भरून ठेवू का. ताई उत्तरं देत होती, कप्तान लाइनीवरच होते. तेवढ्यात घड्याळवाल्यांचा फोन आला. वस्तीच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. कप्तानांचे ते जुने चाहते, त्यांची वाक्यंच्या वाक्यं गिऱ्हाइकांना ऐकवायचे.

"कप्तान, एक विचारू? तुमच्या शेजारी कोणी बसलंय का?"

"नाही हो. घरात एकटा आहे मी."

"नाही, आवाज तुमचा वाटत नाही म्हणून विचारलं. तुम्हीच म्हणाला होतात ना, एक दिवस हे लोक माझ्या तोंडून त्यांचं बोलणं वदवून घेतील. म्हटलं, तो दिवस उजाडला की काय."

"अहो, ती गंमत होती! मी शपथेवर सांगतो—"

"शपथ घ्यायला लावलीय, म्हणजे पक्कंच." घड्याळवाले हसले. ते हसणं प्रेमाचं होतं, हेच वाईट होतं. "कळलं मला. तुम्ही काळजी करू नका. आम्ही डगमगणारे नाही."

कप्तान "हॅलो, हॅलो" करत राहिले. फोन बंद झाला होता. ताईने स्वतः पुन्हा लावून पाहिला, तर नुसता वाजत राहिला.

दुपार व्हायच्या आत बसगाड्या भरभरून टेकडी चढू लागल्या. कोणाच्या तरी फोनवरून आईचा निरोप आला: "कप्तानांनी सांगितलं म्हणून निघालेय. तू सांगितलंस म्हणून नाही, एवढं ध्यानात ठेव." ताईला एकाच वेळी रडूही आलं आणि हायसंही वाटलं.

बांध फुटला नाही. पाणी त्याच्यावरून आलं, दूध उतू जातं तसं, सगळ्या लांबीने एकदम. दिवस मावळायच्या आत बांधाखालची वस्ती दिसेनाशी झाली. केंद्राची वीज गेली, जनरेटरवर ताई बोलत राहिली. काय बोलली ते तिचं तिलाही नीटसं ठाऊक नव्हतं.

शाळेत काय घडलं ते तिला आईकडून कळलं. कप्तान खरोखरच आले होते. चादरी वाटत होते, बायकांना बाक सरकवून देत होते, स्वतःच्या विनोदांवर लोकांच्या शिव्या खात होते आणि हसत होते. मग त्यांना घड्याळवाल्यांची बायको दिसली. एकटीच, मांडीवर पिशवी घेऊन.

"घड्याळवाले कुठे आहेत?" कप्तानांनी विचारलं.

"मागून येतो म्हणाले. मला शेजारणींबरोबर पुढे पाठवलं. म्हणाले, कप्तानांनी खूण केलीय, जायचं नाही. पण तुला भीती वाटतेय तर तू जा."

आई सांगत होती, की कप्तानांच्या हातातली चादर तिथेच पडली. ते धावतच टेकडी उतरले. वळणावर बचावपथकाच्या लोकांनी त्यांना धरलं, कारण पुढे रस्ता उरलाच नव्हता. धिप्पाड माणूस, पण दोघांनी धरून परत आणला तेव्हा लहान मुलासारखा चालत होता.

पाणी ओसरल्यावर घड्याळवाले त्यांच्या दुकानात सापडले. वस्तीतला तेवढा एकच माणूस गेला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, की केवळ एक बळी. एवढ्या मोठ्या वादळात फक्त एक, म्हणून साहेबांचा सत्कारही झाला.

कप्तानांचे फोन बंद झाले. त्यांच्याविषयीचे मात्र येत राहिले. कोणी म्हणे, यांना तुरुंगात टाका. कोणी म्हणे, शेवटी त्यांनीही पलटी खाल्लीच. साहेब ताईला म्हणाले, "त्यांना लवकर परत आणा. आता तर लोक कान टवकारून ऐकतील."

ताई त्यांच्या घरी गेली, पण साहेबांचा निरोप घेऊन नाही. कप्तान दाढी वाढवून खिडकीशी बसले होते. खिडकी बंद होती.

"मला त्या वहिनींकडे जायचंय," ते म्हणाले. "रोज कपडे घालतो आणि परत काढतो. तुम्ही याल का बरोबर?"

वहिनी आपल्या भावाकडे राहायला गेल्या होत्या. दोघं पोचली तेव्हा त्या माडीवर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, भावजयीला चहा टाकायला सांगितला. रेडिओवर ज्याला थोपवावं लागायचं तो माणूस टोपी हातात फिरवत बसून राहिला.

"तुमच्यावरून माझ्याशी भांडायचे ते," वहिनीच म्हणाल्या. "मी रेडिओ बंद केला की चिडायचे."

"वहिनी, त्या दिवशी मी सांगितलं होतं, निघा म्हणून."

"ऐकलं ना मी. म्हणून तर निघाले." शेंग फोडून त्यांनी दाणे ताटात टाकले. "मला एक सांगा. ती पृथ्वी तापते म्हणतात, ते खरं की खोटं?"

कप्तानांनी सवयीने ताईकडे पाहिलं, जणू ती आता काहीतरी बोलून त्यांना सुरुवात करून देणार होती.

"मला माहीत नाही, वहिनी."

"आत्ता माहीत नाही, की तेव्हाही नव्हतं?"

"तेव्हाही नव्हतं."

वहिनींनी मान हलवली. त्यात राग नव्हता, हिशेब जुळल्यासारखी ती मान हलली. "मग तसं म्हणायचं होतं. यांना वाटायचं, एवढ्या ठामपणे बोलतोय म्हणजे या माणसाला आतलं काहीतरी ठाऊक आहे."

मग त्या ताईकडे वळल्या. "आणि ताई, तुम्हाला?"

ताईला पळून जावंसं वाटलं. मॅडमनी तिला जिन्यात, चहावर, गाडीत बसता बसता किती वेळा समजावलं होतं. समुद्राची पातळी कशी मोजतात ते दाखवलं होतं. तिने ते वाचलंही होतं, आणि तिला ते पटलंही होतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बऱ्यापैकी माहीत होतं."

"मग तुम्ही हसायचात का?"

चहा आला. तिघांनी तो घेतला. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या, आणि कप्तानांना म्हणाल्या, "जिना जपून उतरा, तिसरी पायरी सैल आहे."

रस्त्यावर चिखल सुकून त्याची धूळ झाली होती. घराघरांपुढे गाद्या, कपाटं, फुगलेली दारं रचून ठेवलेली. एका घरापुढे बाई ब्रशने खुर्ची घासत होती. तिने कप्तानांना ओळखलं, ब्रश थांबवला, आणि पुन्हा घासू लागली.

"ही बाई चिडली असती तर बरं झालं असतं," कप्तान म्हणाले.

"हो."

"तुम्हाला खरंच पटलेलं होतं, ताई?"

"हो."

"मग मला अडवलं का नाही?"

"तुम्ही छान बोलायचात," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, की जुगलबंदी बंद. साहेबांनी आदळआपट केली. तिने ऐकून घेतली. मग त्या आठवड्यात मॅडमना एकट्यांनाच बोलावलं, आणि पहिल्याच फोनवर एकाने विचारलं, "हे वादळ त्या तापमानवाढीमुळेच आलं ना? आता तरी छातीठोक सांगा!"

"या एका वादळाबद्दल तसं छातीठोक नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "समुद्र पूर्वीपेक्षा वर आलाय, हे मोजलेलं आहे, आणि तो आपल्यामुळे वर येतोय याबद्दल शंका नाही. तो जेवढा वर, तेवढं पाणी बांधावरून लवकर येणार. पण हे वादळ तापमानवाढ नसती तर आलंच नसतं का, किंवा एवढं मोठं झालं नसतं का, ते अजून तपासतायत. मला ठाऊक नाही."

तंत्रज्ञाने काचेपलीकडून भुवया उंचावल्या. रेडिओवर असं बोलणं म्हणजे चुलीवर पाणी ओतणं. ताईने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

"जे ठाऊक नाही ते कसं तपासतात, तेच सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा. घाई नाही."

मॅडम भरतीच्या जुन्या नोंदींपासून सांगू लागल्या. मध्येच अडखळल्या, एक वाक्य चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून बोलल्या. ताईने त्यांना तोडलं नाही. फोनचे दिवे एकेक करून विझत गेले, कारण ताटकळलेल्या लोकांनी फोन ठेवून दिले. शेवटी एकच दिवा लुकलुकत राहिला. ताईने पाहिलं तर नंबर ओळखीचा होता.

"कप्तान, तुम्हाला बोलायचंय का?"

"नाही, ताई," पलीकडून आवाज आला. "मी ऐकतोय. मॅडम ते भरतीचं पुन्हा एकदा सांगतील का? माझ्या नीट लक्षात आलं नाही."